आईवर गेलेली करडई

वैजापूर रस्त्यावरच्या एका बियाणे कंपनीच्या संशोधन शेतावर चतुराबाई पंधरा वर्षांपूर्वी खुरपायला म्हणून लागल्या. दोन हंगामांत त्यांच्या हातात खुरप्याऐवजी चिमटा आला. करडईच्या प्रत्येक फुलात नर आणि मादी एकत्रच नांदतात. संकर करायचा, तर फूल उमलायच्या आदल्या दुपारी त्यातला नर चिमट्यानं अलगद काढायचा, बोंडावर कागदी पिशवी चढवायची आणि सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. एखादा नर आत राहिला, की सगळा खटाटोप पाण्यात. हे काम आपल्याइतकं सफाईनं कुणी करत नाही, हे चतुराबाईंना पक्कं ठाऊक होतं आणि सांगायलाही त्या लाजत नसत.

नव्या वाणांचं काम पाहणारा राजेंद्र शहरातल्या पुंडलिकनगरातून मोटारसायकलवर येई. त्याला जास्त तेलाची करडई हवी होती. त्यानं आई निवडली बिनकाट्याची. टरफल पातळ, दाणा तेलानं भरलेला, पण माव्याची कीड पडली की मान टाकणारी. बाप गावरान, काटेरी, मावा अंगावर घेऊन उभा राहणारा. दोघांचा संकर जानेवारीत व्हायचा होता आणि नेमक्या त्याच दिवसांत चतुराबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. काम रोजंदारीच्या टोळीनं उरकलं.

ते बी पुढच्या हंगामात पेरलं. डिसेंबरच्या शेवटी झाडं कमरेला लागली, तेव्हा चतुराबाई ओळीतून तळहात फिरवत गेल्या. हाताला काही टोचलं नाही. त्या परत फिरल्या, पुन्हा पाहिलं आणि सरळ राजेंद्रच्या खोलीत गेल्या.

"साहेब, ही सगळी आईवर गेलीत. बापाचा पत्ताच नाय."

"असं कसं? वहीत संकर यशस्वी लिहिलंय."

"वही काहीबी म्हणंल. काटा खोटं बोलतो व्हय?"

राजेंद्र शेताकडं धावला. काट्याचा गुण वरचढ असतो; बाप काटेरी, म्हणजे पहिल्या पिढीतलं प्रत्येक झाड काटेरीच निघायला हवं होतं. दोनशे झाडांत काटेरी निघाली अकरा. टोळीनं बहुतेक फुलांत नर तसाच ठेवला होता. तो बांधावरच बसला.

"वर्ष गेलं, चतुराबाई. वरच्यांना काय तोंड दाखवू?"

"जे झालं ते सांगा. अकरा लई झाली. एकेका झाडाला ईस-पंचवीस बोंडं येतात. बाकीची उपटा, ह्यांच्यावर पिशव्या चढवा, मधमाशी नको फिरकायला. आन् आई-बाप औंदाबी फुलणारच हायेत. नवा संकर मी करते."

राजेंद्रनं त्याच दिवशी वरिष्ठांना खरं ते कळवलं. बोलणी खाल्ली, पण काम चालू राहिलं. चतुराबाईंनी रोजंदारीवरच्या भागूबाईला हाताशी घेतलं आणि पंधरा दिवस दुपारी चिमटा, सकाळी पराग असा नेम धरला. घाईत हात मारणाऱ्या भागूबाईला त्या म्हणत, "फुलाला कळलंबी नाय पाह्यजे." त्या बियाची झाडं पुढच्या वर्षी तळहाताला अशी टोचली, की चतुराबाई मोठ्यानं हसल्या. तीनशे सहांपैकी फक्त दोन बिनकाट्याची होती.

मग खरी निवड सुरू झाली. नातवंडांच्या पिढीत आजीचं बिनकाट्याचं रूप पुन्हा दिसू लागलं. राजेंद्र प्रयोगशाळेत तेल मोजायचा. चतुराबाई आधी दाण्याला दात लावायच्या आणि टरफल पातळ की जाड ते सांगायच्या. दोघांचं दहात आठ वेळा जमे. राहिलेल्या दोन वेळा त्या प्रयोगशाळेचं यंत्र पुन्हा तपासायला लावत, आणि एकदा तर खरोखरच त्यात बिघाड निघाला. मावा पडला त्या वर्षी राजेंद्रनं फवारणी मुद्दाम थांबवली. जी झाडं काळी पडली ती गेली, जी हिरवी राहिली तीच पुढं नेली.

सात हंगामांनी निवडलेलं बिनकाट्याचं बी चाचणीसाठी शेतकऱ्यांकडं गेलं. वैजापूरजवळच्या कचरूनं अर्धा एकर पेरलं. काढणीला चतुराबाई राजेंद्रसोबत तिथं गेल्या. कचरूच्या घरच्या बाया हाताला फडकी न गुंडाळता करडई कापत होत्या. घाण्यावर शंभर किलोला नेहमीपेक्षा पाच किलो तेल जास्त पडलं.

"कोणत्या साहेबानं काढलं हे वाण?" कचरूनं विचारलं.

राजेंद्रनं चतुराबाईंकडं बोट केलं. "ह्यांनी आणि मी."

चतुराबाईंनी मान डोलावली. आपल्या हक्काचंच ते वाटलं त्यांना. मग त्यांनी कचरूला विचारलं, "बोंडं लहान नाय वाटत तुला?"

"थोडी हायेत बारकी."

"व्हय ना? साहेब, मोठ्या बोंडाचा बाप हुडका. जानेवारी लांब नाय."