भोंग्यावरून परत मिळालेली पत

डांबरगोळ्यांच्या वासाची शाल कपाटातून निघाली की मला आमच्या पतपेढीचे अध्यक्ष आठवतात. ऐंशीच्या दशकात मुलुंडला घर घेण्यासाठी मी पतपेढीकडे कर्ज मागितलं होतं. तेवढ्यात वार्षिक सभेत अध्यक्षांनी शाल सावरत भोंग्यावरून थकबाकीदारांची नावं वाचली आणि त्यात माझंही वाचलं. माझं आधीचं कर्ज केव्हाच फिटलं होतं. पावत्या दाखवल्यावर ते हळूच म्हणाले, "नजरचूक झाली. वहीत दुरुस्त केलंय." पण वही कोण वाचतो? भोंगा अख्ख्या वसाहतीने ऐकला होता. मला जामीन राहायला कोणी तयार होईना, आणि जामिनाशिवाय कर्ज नव्हतं. गणपतीच्या मंडपात अध्यक्षांचा सत्कार होता, तिथे बायको थेट मंचासमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, बदनामी भोंग्यावर केलीत ना? मग दुरुस्ती कानात कशाला?" लोक हसले. नवी शाल अडून राहिलेली पाहून अध्यक्षांनी माईक ओढला आणि माझ्या सचोटीवर असं भाषण ठोकलं, की मलाही माझ्याविषयी आदर वाटू लागला. भाषण संपताच दोघे जामीन राहायला पुढे आले, म्हणून आज याच घरात बसून हे लिहितोय. मागोमाग तिसराही आला. मी त्याचे आभार मानू लागलो, तसा तो म्हणाला, "जामीन नाही रे, मला पाचशे उसने हवेत."