मजल्याच्या चाव्या

बाबा गेल्यावर आम्ही नवरा-बायकोने कॅनडातलं घर आवरलं आणि बोरीवलीला आईकडे राहायला आलो. बाबांची पुस्तकं माझ्याकडे आली. त्यांचं दुसरं काम मात्र आईने कोणाला दिलं नाही.

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळे ठोकलेली एक फळी आहे. मजल्यावरच्या सगळ्या घरांच्या जादा चाव्या तिथे लटकतात. कोणी चावी विसरलं, कोणाची कामवाली लवकर आली, की बेल आमची वाजते. बाबा चावी द्यायचे आणि गप्पाही मारायचे. आता शेजारचे काका, सोसायटीचे जुने सेक्रेटरी, म्हणू लागले होते की चाव्या खाली वॉचमनकडे ठेवाव्यात.

"वहिनींना उगाच त्रास."

आईला तो त्रास हवा होता. दिवसभरात तिच्याशी जी माणसं बोलत, ती बहुतेक चावीपायी येत. आम्ही आल्याने त्यात फारशी भर पडली नव्हती. मी घरात असलो तरी असल्यासारखा वाटत नाही, ही तिची जुनी तक्रार आहे.  काका हा विषय काढून गेले की स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजत.

आमचं दार दिवसभर अर्धं उघडं असतं. वाऱ्याने लॅच लागू नये म्हणून आई फटीत बाबांची चप्पल अडकवायची. मला ते बघवत नसे.

"आई, बाबांची चप्पल आहे ती."

"मग? घरात बसून त्यांना कंटाळाच यायचा. दारात आहे ते बरं."

एका संध्याकाळी आई खाली भाजी आणायला गेली होती. बायको बाहेर पॅसेजमध्ये कुंड्यांना पाणी घालत होती. मी तिच्याशी बोलायला बाहेर आलो आणि येता येता माझाच पाय त्या चपलेवर पडला. मला भरून आलं. मी खाली वाकलो, चप्पल उचलली, शर्टाला पुसली आणि छातीशी धरली. मागे खट् असा आवाज झाला.

"काय केलंस?" बायकोने विचारलं.

"बाबांची चप्पल उचलली."

"चावी?"

"आत."

"फोन?"

"आत."

"आणि कुकर?"

याचं उत्तर कुकरने स्वतःच दिलं. शिट्टी चांगली लांब होती.

आई भाजी घेऊन वर आली. मी विचारलं, "आपली जादा चावी कोणाकडे असते?"

"आपली कशाला कोणाकडे असेल? आपण घरी असतो ना!"

तेवढ्यात पलीकडच्या घरातली गुजराती भाभी जिममधून आली. नेहमीसारखी चावी न घेता गेली होती. तिने बंद दार पाहिलं, चपलेसह मला पाहिलं, मग कान देऊन शिट्टी ऐकली. "मासी, मूग की तूर?"

"तूर."

"मग टाइम आहे," म्हणत ती जिन्याच्या पायरीवर बसली.

लिफ्टमधून काका उतरले. हातात दुधाची पिशवी. काकू लेकीकडे घाटकोपरला गेल्या होत्या.

"काका, तुमची चावी?" बायकोने विचारलं.

काकांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमच्याकडे," ते म्हणाले.

मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. बँकेचं जुनं कार्ड फटीत सरकवलं की लॅच उघडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कार्ड सरकलं आणि अख्खं आत गेलं. आमच्यापैकी घरात पोचलेलं ते पहिलंच.

"झकास," भाभी म्हणाली.

शेवटी वॉचमनने स्टेशनजवळचा चावीवाला आणला. त्याने लॅच तोडलं. आत डाळीचा कोळसा झाला होता. बायको गॅसकडे धावली, बाकीचे फळीकडे. काकांनी आपली चावी खिशात घातली. "बघा, म्हणून म्हणत होतो." भाभीनेही अवघडत आपली चावी घेतली. आई त्या दोन रिकाम्या खिळ्यांसमोर उभी राहिली. भाजीची पिशवी तिच्या हातातच होती. त्या रात्री बेल एकदाही वाजली नाही. त्या घरात इतकी शांतता मलासुद्धा सहन होईना.

दुसऱ्या दिवशी चावीवाल्याने नवीन लॅच बसवलं. आईने त्याच्याकडून जास्तीच्या चाव्या करून घेतल्या आणि मला सोबत घेऊन एकेक दार वाजवलं.

"ही आमच्या घराची. तुमच्याकडे असू दे. मुलगा परदेशात राहून आलाय ना, उघडं दार त्याला बघवत नाही."

प्रत्येक दारात हेच. मी मागे उभा राहून मान हलवत होतो.

भाभीने आमची चावी घेतली आणि तिथल्या तिथे आपली आईच्या हातात कोंबली. काका जरा घुटमळले. आमची चावी उलटसुलट करून पाहिली.

"तुमची वॉचमनकडेच ठेवताय ना?" आई म्हणाली.

"तो आज सुट्टीवर आहे हो," काका म्हणाले आणि आत जाऊन आपली चावी घेऊन आले.

"म्हणजे आता सगळ्या मजल्याकडे आपल्या घराची चावी आहे?" बायकोने मला विचारलं. उत्तर रविवारी सकाळी मिळालं. आम्ही झोपेत होतो. बाहेर लॅच उघडल्याचा आवाज झाला, पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

"झोपा, झोपा! विरजणाला दही घ्यायला आले," भाभी ओरडली.

"अगं, बेल तरी वाजवायचीस!" आईच्या आवाजात राग औषधालाही नव्हता. "बस, चहा टाकते."

बायकोने पांघरूण डोक्यावर ओढलं. "जरा खोलीचं दार लाव ना रे."

मी पडूनच राहिलो. या घरात दार लावायची मला बंदी आहे.