अनोम, म्हणजे कुणाहून कमी नसलेला
दशहरी आंब्याचा वास आला की मला माझ्या मुलाचं चोरीला गेलेलं नाव आठवतं. बायकोला सातवा महिना होता आणि तिने बजावलं होतं, "बारशाला आत्या कानात सांगेपर्यंत नाव तुमच्या तोंडून बाहेर पडता कामा नये." पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. लखनौजवळच्या मलिहाबादच्या बागेत आंबे चोखताना मी ऑफिसातल्या जिवलग मित्राला सगळं सांगून बसलो: नाव अनोम, पाली भाषेतलं, अर्थ कुणाहून कमी नसलेला, सिद्धार्थाने घर सोडल्यावर ओलांडली ती नदीही अनोमाच, आणि अख्ख्या लखनौत हे नाव कुणाचं नाही. "अच्छा, भारी आहे यार," एवढंच म्हणून तो कोय चोखत राहिला. त्याच्याही घरी पाळणा हलणार होता, आमच्या आधी. त्या बारशाला त्याची बहीण पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुजबुजली आणि सरळ होऊन मोठ्याने म्हणाली, "अनोम." माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला, तरी सगळ्यांबरोबर टाळ्या मीही वाजवल्या. बायकोने वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडेच बघत होती. आमच्या मुलाला शेवटी असं नाव मिळालं की वर्गात हाक मारली तर चौघं उभे राहतात. परवा अलीगंजला आंब्याच्या ठेल्यावर मित्राचा मुलगा भेटला, आता मिसरूड फुटलेला. पाया पडून म्हणाला, "अंकल, मेरे नाम का मतलब क्या है? पापा तो भूल गए, बोले आपसे पूछ लूँ."