नळाचा फेटा

माझे वडील सोलापुरात कापडाच्या गिरणीत जॉबर होते. बंद पडलेला माग चालू करायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू हा एक आजारी माग आहे आणि तिला बरं करायलाच आपला जन्म आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. औषध एकच, सूत. खुर्चीचा पाय हलला, बांध सूत. कपाटाचं दार लागेना, बांध सूत. छत्रीची काडी, कंदिलाची कडी, माझ्या चष्म्याची दांडी, सगळ्यांना एकच मात्रा. सूत न गुंडाळलेल्या गोष्टी घरात दोनच, आई आणि मी. आमचं काही बिघडलंय हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

अशा घरात नळ आला. त्याआधी आठ वर्षं आई गल्लीच्या टोकाला सार्वजनिक नळावर घागरी घेऊन उभी राहिली होती. दुष्काळाच्या साली तर तिचं अर्धं आयुष्य तिथंच गेलं. भिंतीपलीकडं राहणाऱ्या घरमालकानं अखेर आमच्या मोरीत नळ घ्यायला परवानगी दिली, तेव्हा आईनं त्या नळाला हळदकुंकू वाहिलं. मी हसले. आई हसली नाही.

सहा महिन्यांत तो गळायला लागला. कितीही आवळला तरी सकाळी पाणी असेपर्यंत थेंब चालूच.

"फिटरला बोलवा की," आई म्हणाली.

"जॉबरच्या घरी फिटर? गिरणीत तोंड कसं दाखवू मी?"

पहिल्या दिवशी नळाला सुताचे चार वेढे बसले. आठवड्यात फेटा झाला. लग्नातल्या नवरदेवालाही इतका झोकदार बांधत नाहीत. तोटी हलू नये म्हणून सुताचं टोक ताणून भिंतीतल्या खुंटीला बांधलं. आणि खरंच, थेंब पडायचा थांबला. ही विजयाची वार्ता गिरणीत तिन्ही पाळ्यांना कळवण्यात आली.

पाणी मात्र थांबलं नव्हतं. देवाच्या वातीत तेल चढतं तसं ते सुतावरून मुकाट खुंटीपर्यंत जात होतं आणि खुंटीवरून मातीच्या भिंतीत. भिंतीच्या पलीकडं घरमालकांचा देव्हारा होता.

घरमालक लिंगायत, घरात कानडी बोलणारे, माणूस मोठा मऊ. दारात उभं राहूनच म्हणाले, "नोड्री, बगा, मला भांडण न्हाय करायचं. पन देवामागची भिंत फुगलीया. सोमवारपर्यंत बगतो. न्हायतर नळ काढून पायपाला बूच मारतो."

यावर वडिलांनी काय करावं? फेट्यावर आणखी एक थर चढवला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. संध्याकाळी आईनं माळ्यावरच्या घागरी खाली काढल्या आणि चिंच लावून घासायला घेतल्या. ते बघून मला वडिलांचा इतका संताप आला की जेवताना मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना पत्ताही नव्हता. ते पापडाच्या डब्याचं झाकण बांधत होते.

रविवारी सकाळी रातपाळी करून आलेले वडील घोरत पडले होते. पाणी गेलं तसं आईनं विळी घेऊन फेटा कापला. ओल्या सुताचा ढीगच पडला. मग शेजारच्या सायकलवाल्याकडून आणलेल्या पान्ह्यानं तिनं नळ उघडला. इतक्या दिवसांत नळ उघडून आत बघावं, हे पहिल्यांदाच कुणाला तरी सुचलं होतं. आतली चामड्याची चकती पार फाटली होती.

"तुला गं कसं कळलं?"

"आठ वर्सं नळावर उभी हाय मी. फिटर चकती बदलताना धा डाव बगितलाय."

"आता नवीन चकती?"

"आज दुकानं बंद. चप्पल हाय की हितं."

दारातली वडिलांची डावी चप्पल तिनं पाटावर पालथी घातली आणि टाचेवर छिन्नी धरून वरवंट्यानं ठोकायला सुरुवात केली. वडील ढिम्म हलले नाहीत. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस वरवंट्याला काय दाद देणार!

सोमवारी घरमालकांनी येऊन नळ बघितला, तोटीखाली तळवा धरला. कोरडा. खुंटीवरचं सूतही गेलं होतं. "आता वाळंल भिंत. कसं जमवलं वो?"

"त्यात काय," वडील म्हणाले. "जॉबरचा हात हाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं डोळे वटारले. "व्हय," चहाची कपबशी पुढं करत ती घरमालकांना म्हणाली, "त्येनीच केलं." घागरी परत माळ्यावर गेल्या.

चपलेच्या टाचेला रुपयाएवढं भोक होतं. वडील गिरणीतून आले की गल्लीच्या धुळीत प्रत्येक डाव्या ठशात एक गोल टिकली उठायची. आईनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. मी सार्वजनिक नळावरच्या एकाच बाईला सांगितली, तेवढी पुरली. बायका तो ठसा एकमेकींना दाखवायच्या, आणि वडील त्यांच्यासमोरून ताठ मानेनं जायचे. त्यांना काहीच ठाऊक नाही या समजुतीत मी वर्षभर मजा घेतली.

एकदा मुद्दाम खोडी काढायला विचारलं, "अण्णा, कोपऱ्यावर मोची बसतो. चप्पल का नीट करून घेत नाही?"

त्यांनी पायाकडं बघितलं, मग मोरीकडं.

"नळ गळतोय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे की."