बँडमास्तरांचा दुसरा भाग

बँडमास्तर साधं वाक्यसुद्धा चालीत म्हणायचे. सातपूरच्या आमच्या कारखान्यात ते लेथवर होते आणि मी टाइम ऑफिसात. "ताई, आज पहिल्या पाळीची बस पंक्चर झाली," हे ते कार्ड पंच करता करता लावणीच्या ठेक्यावर सांगत. त्यांचे सुपरवायझरही पुढे पुढे त्यांना चालीतच रागवायला लागले होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कामगारांच्या नाट्यस्पर्धेत एका दिग्दर्शकाने त्यांना पाहिलं आणि सिनेमात घेतलं. गाण्यांनी भरलेला विनोदी सिनेमा होता. त्यात भलत्याच लग्नात शिरून वाजवत सुटणारा बँडमास्तर त्यांनी केला. काम छोटं, पण सिनेमा धो धो चालला आणि त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. कोणी कौतुक केलं की ते म्हणायचे, "माझं त्यात काही नाही. घरी बघतो, ते करतो."

ते खरं होतं. डोळे मोठे करून ऐकणं, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत कपाळाला हात लावणं, हे सगळं कुसुमवहिनींचं. नवऱ्याच्या चालीला त्या चालीतच उत्तर द्यायच्या आणि शेवटचा शब्द मुद्दाम बेसूर लावायच्या.

दहा-बारा वर्षांनी त्या सिनेमाचा दुसरा भाग काढायचं ठरलं. मास्तरांनी होकार दिला तेव्हा वहिनी होत्या. दिवाळीनंतर त्यांना ताप आला आणि आठवड्याभरात त्या गेल्या. तेरावं झालं आणि मास्तर कामावर हजर झाले. "नमस्कार ताई," म्हणाले. त्याला चाल नव्हती.

मी म्हटलं, "शूटिंगचं राहू द्या आता."

"शब्द दिलाय. आणि तिथे जाऊन मला काही वाटणार नाही. इथेही वाटत नाही."

रजा टाकून ते गेले आणि काम करून आले. कसं झालं विचारलं तर म्हणाले, "दिग्दर्शक दर वेळी छान म्हणायचा."

सिनेमा लागला तेव्हा खात्यातले आम्ही सगळे मिळून पाहायला गेलो. मास्तर माझ्या शेजारी होते. पडद्यावर बँडमास्तर आले तशा टाळ्या पडल्या. मग पडद्यावरच्या मास्तरांनी डोळे मोठे केले, कपाळाला हात लावला. कोणी हसलं नाही. शेजारचे मास्तर सरळ समोर बघत होते. बाहेर आल्यावर जो तो म्हणाला, "मास्तर, तुमच्यामुळे पिक्चर तरला." ते मान हलवत राहिले.

परीक्षणांनी सिनेमा झोडपला. पहिल्या भागाच्या पुण्याईवर किती दिवस जगणार, असा एकूण सूर. मास्तरांची मात्र बहुतेकांनी एका गोड ओळीत बोळवण केली. आमच्या शहरातल्या एका दैनिकात तेवढं वेगळं आलं: 'बँडमास्तर विनोद करत नाहीत, विनोदाच्या जागा आठवून दाखवतात. गेलेल्या माणसाच्या वस्तू कोणी आवरत बसावं आणि आपण ते बघावं, तसं वाटलं.'

खात्यात सगळे भडकले. युनियनचे लोक पेपरच्या कचेरीत जाब विचारायला निघाले होते. मास्तरांनी कॅन्टीनमध्ये तो मजकूर सावकाश वाचला, पुन्हा वाचला आणि मला म्हणाले, "ह्या माणसाला भेटू या. तुम्ही चला बरोबर."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दैनिकाच्या कचेरीत गेलो. समीक्षक म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर होते. मास्तरांना ओळखताच ते उठून उभे राहिले. "तुम्ही रागावला असाल."

"नाही. शूटिंगच्या आधी माझी बायको गेली."

सर म्हणाले, "मला माहीत नव्हतं. असतं, तर असं लिहिलं नसतं."

"म्हणूनच आलो. ज्यांना माहीत होतं, ते सगळे छान म्हणाले."

सरांनी खुर्ची पुढे ओढून दिली. "कशा गेल्या?"

हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. त्या परक्या माणसापुढे मास्तर बोलायला लागले. वहिनींनी नारळपाणी मागितलं होतं. ते आणायला ते दवाखान्याबाहेर गेले आणि आले तेव्हा नर्सने खाटेभोवती पडदा ओढला होता. हातातल्या नारळाचं काय करावं ते त्यांना कळेना. तो घेऊन ते घरापर्यंत चालत गेले. सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. सरांनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पुढच्या वर्षी मास्तर सिन्नरला मुलीकडे राहायला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. सिनेमात त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. मला आठवतो तो त्या कचेरीचा जिना. तो उतरल्यावर ते रस्त्याच्या कडेला थांबले आणि म्हणाले, "ताई, भूक लागली."

समोरच्या हॉटेलात आम्ही मिसळ मागवली. ते खाली मान घालून खात होते. आणखी पाव मागवले, तेही संपवले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "मुलगी रोज संध्याकाळी फोन करून विचारते, बाबा, जेवलात का. आज खरं सांगता येईल."