वजनाला नेलेला माणूस

साठच्या दशकात मी कुवेतमध्ये एका दुकानाची पिकअप चालवायचो. दक्षिणेकडच्या एका छोट्या गावी विमानांच्या कसरती होत्या आणि तिथे आम्ही सरबताचं टेबल मांडलं होतं. एक इंग्रज साहेब आपलं जुनं, दोन खुर्च्यांचं विमान शहरातून उडवत घेऊन आला. पुढच्या खुर्चीतून कोट घातलेला, डोळ्यांत सुरमा घातलेला एक जाडजूड गृहस्थ उतरला. तिथल्या शेखांनी आधी त्याच्याशीच हात मिळवला. त्यानेही तो सावकाश, दोन्ही हातांनी मिळवला. विमानाचा मालक हाच असावा, असं मलाही वाटलं.

सरबत प्यायला आला तेव्हा कळलं, तो रत्नागिरीकडचा, साहेबाचा स्वयंपाकी.

"मग विमानात कसे काय?" मी विचारलं.

"तोलाला पुढं वजन लागतं. आधी वाळूची गोणी ठेवायचे," कोटाची बटणं चाचपत तो म्हणाला. "पण गोणीला खालचा समुद्र दिसत नव्हता, भाऊ. मला दिसला."

संध्याकाळी एका मडमेला विमानात बसायची हौस आली. साहेबाने याला माझ्या पिकअपमधून परत पाठवलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. कोट काढून, नीट घडी घालून त्याने मांडीवर ठेवला.

शहराच्या वाटेवर, अबू हलीफा गावाजवळ तेच विमान आमच्या डोक्यावरून गेलं. मी मान बाहेर काढून पाहिलं. तो मात्र समोरच्या रस्त्याकडेच बघत होता.

"जरा जोरात चालवा," तो म्हणाला. "साहेबांना पोचल्या पोचल्या चहा लागतो. आज दोघांचा टाकावा लागेल."