सरपंचाची खुर्ची आणि मधली मी

घरात राजकारण असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खरकट्या भांड्यांसारखे आपोआप साठतात. माझं सासर मलकापूरजवळच्या गावात. सासरे, म्हणजे आबा, एका गटाचे. त्यांचे धाकटे भाऊ तात्या विरोधी गटाचे. दोघांचं बोलणं बंद, स्वयंपाकघर मात्र एक!

*

लग्नानंतर पहिल्याच जेवणाला आबा म्हणाले, "सूनबाई, त्यास्नी सांग, आमटीत मीठ कमी हाय."

तात्या शेजारच्याच पाटावर. "सांग त्यास्नी, मीठ आमच्या गटाकडं न्हाई!"

माहेरी, माण तालुक्यात, मी मुकी म्हणून प्रसिद्ध. इथं दिवसभर बोलते. उपकारच म्हणायचे या दोघांचे.

*

पंचायत निवडणुकीच्या प्रचारात दोघांची उपरणी, एक लाल, एक पांढरं, मी एकदमच मशीनमध्ये टाकली. दोन्ही गुलाबी निघाली! मी रडकुंडीला. काकू, म्हणजे तात्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसल्या. "असू दे गं. लोक गुलाल समजत्याल."

दुसऱ्या दिवशी दोघं तीच घालून बाहेर पडले. दुपारपर्यंत गावभर बातमी: युती झाली!

*

निकालात बहुमत कुणालाच नाही. गावानं तोड काढली: वर्षभर आबा सरपंच, मग तात्या. आबांनी देवळात बेल-भंडारा उचलून शब्द दिला. जीपमधून येताना मला म्हणाले, "त्यास्नी सांग, खुर्ची देतो. पण बसल्यावर पाय तरी टेकतील का भुईला?"

तात्या लय बुटके. निरोप मी पोचवला नाही. गरजही नव्हती, ते मागच्याच सीटवर होते.

*

आबांचं वर्ष भरत आलं. तात्यांनी नवी शेगडी आणून खोक्यासकट बाहेरच्या सोप्यात ठेवली. "खुर्ची न्हाई मिळाली तर आमचं सैपाकघर येगळं!" म्हणजे काकूही तिकडं. या घरात मला जवळचं माणूस म्हणजे काकूच.

ठरलेल्या दिवशी सकाळपासून आबा गायब. पंचायतीतून खुर्चीही गायब!

"आता कुणाला सांगशील, सूनबाई? पळालं की त्ये!" तात्या ओरडले आणि शेगडीचं खोकं आत ओढायला लागले.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. आबा उतरले, मागून खुर्ची उतरवली. सुताराकडून चारही पाय वीतभर कापून आणलेले.

"सूनबाई, त्यास्नी सांग, बसून बघा."

तात्या बसले. खाली बघितलं. पावलं भुईवर दाबून बघितली.

"दादा," ते म्हणाले, "टेकत्यात."

काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "ऊठ गं. सगळ्यांची कणीक मळ."